थंडीत ट्रक सुरू होत नाही: आधी सेल्फचा आवाज, मग धूर, मग पाना

नाशिक-निफाडकडून कांदा किंवा द्राक्षं भरून निघालेली गाडी जम्मूच्या वर चढली, पुढे रस्ता बंद म्हणून बनिहाल किंवा काझीगुंडला रात्र काढावी लागली, आणि सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला तर इंजिन नुसतं कण्हतंय. हिवाळ्यात उत्तरेला गाड्या पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना हा फोन नवा नाही. मग कोणी बॅटरी बदलायला सांगतो, कोणी टाकीखाली चिंध्या पेटवायला, कोणी पंप खोलायला. एवढ्या लांब कशाला, निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा पहाटे मार्केटला निघालेला पिकअपही असाच हटून बसतो. दोन्हीकडे कारणं तीच असतात, फक्त काश्मीरकडे त्यात डिझेल थिजण्याची भर पडते.

बहुतेक वेळा चुकतं ते एवढंच, की नेमकं काय बिघडलंय हे ठरायच्या आधी पाना हातात घेतला जातो.

हवा तापली तरच डिझेल पेटतं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना सिलिंडरातली हवा सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यात कोंबतो, कोंबल्यामुळे हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत नॉझलचा फवारा आपोआप पेट घेतो. ढोबळ गणित करून पाहा. हवा सतराव्या हिश्श्यात दाबली जाते असं धरलं, तर बाहेर ३० अंश असताना ती सव्वाचारशे-साडेचारशे अंशांपर्यंत तापते. बाहेर उणे १० असेल तर जेमतेम ३४०. प्रयोगशाळेत डिझेल २१० ते २५० अंशांना स्वतःहून पेटतं, पण तिथे त्याला वेळ मिळतो. इंजिनात पेटायला सेकंदाचे काही हजारावे भागच मिळतात, म्हणून तापमान बरंच जास्त लागतं. ३४० म्हणजे काठावरचा मामला.

आता यात सेल्फ हळू फिरतोय असं धरा. पिस्टन रेंगाळत वर येतो, दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, उरलेली हवा आपली उष्णता गार लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला, देऊन बसते. मग तेच ३४० घसरत घसरत २०० च्या आसपासही येऊ शकतं. मोठ्या ट्रकच्या इंजिनाला सुरू व्हायला मिनिटाला निदान १०० ते १५० फेरे लागतात, त्याच्या खाली कितीही वेळ सेल्फ मारला तरी उपयोग नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे पंप एकाच जाड नळीत (रेल) डिझेल दाबाने साठवतो आणि तिथून ते सगळ्या नॉझलना जातं, आणखी एक अडचण येते. नॉझल उघडण्याआधी रेलमध्ये सुमारे २०० ते २५० बार दाब तयार व्हावा लागतो आणि हळू फिरणारं इंजिन तेवढा दाब बनवूच शकत नाही. अशी गाडी स्कॅनरला लावली तर तो रेलच्या कमी दाबाचा कोड दाखवतो, पंपवाला पंप उतरवतो, आणि दोष असतो अर्थच्या केबलमध्ये.

उंचीचाही हिशेब धरावा लागतो. लेहला, ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. सिलिंडरात मुळात हवाच कमी शिरते, त्यामुळे रिंग-पिस्टन थोडे झिजलेली जी गाडी नाशकात निमूट चालते, तीच तिथे दगा देते.

सेल्फ काय सांगतो, सायलेन्सर काय सांगतो

बॉनेट किंवा केबिन उचलण्याआधी एकाने दहा सेकंद सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे बघावं. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

सेल्फ जड, अडखळत फिरतोय किंवा नुसता टकटक करतोय: वीज किंवा घट्ट झालेलं ऑइल. सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतोय पण धुराचा पत्ता नाही: डिझेल नॉझलपर्यंत पोचतच नाही. सेल्फ चांगला फिरतोय, पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय पण इंजिन पकडत नाही: डिझेल येतंय, उष्णता कमी पडतेय. गाडी सुरू झाली, मिनिटभर चालली, अ‍ॅक्सिलरेटर दिला की गळपटली आणि बंद पडली: डिझेलचा फिल्टर मेणाने किंवा बर्फाने चोंदलाय. हा शेवटचा प्रकार काश्मीर-लडाखकडचा हमखास. रात्री फिल्टरच्या वाटीत राहिलेल्या आणि पाइपातल्या डिझेलवर इंजिन सुरू होतं आणि ते संपलं की मागून काही येत नाही.

हे बघतानाही सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, आणि मध्ये दोन मिनिटं थांबावं. त्या दोन मिनिटांत सेल्फची वाइंडिंग थंड होते आणि बॅटरीही थोडी सावरते. मिनिटभर सलग सेल्फ मारणाऱ्याची बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातात, आणि ज्या बारीक कारणाने गाडी सुरू होत नव्हती ते तसंच राहतं.

सेल्फ हळू फिरत असेल तर

बॅटरी थंडीत दुबळी होते, हे रासायनिक सत्य आहे. शून्य अंशाला तिची ताकद साधारण चार-पंचमांश उरते, उणे अठराला निम्म्याच्या आसपास. त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. पण म्हणून बॅटरीच बदलायची असं नाही.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कारण बहुधा केबिनमध्येच सापडतं. टेप, मोबाइलचा चार्जर, छोटा पंखा यांना १२ व्होल्ट लागतात म्हणून वायरमनने एकाच बॅटरीवरून वायर खेचलेली असते. ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून एकच चार्ज देतो, त्यामुळे एक कायम उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवते. उन्हाळ्यात हे खपून जातं. थंडीत कमजोर बॅटरी आधी मान टाकते आणि चांगलीलाही खाली ओढते. उपाय स्वस्त आहे: २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवायचा आणि ती वायर काढायची. बॅटरी बदलायचीच झाली तर जोडीने बदलावी, नव्या-जुन्याची जोडी जमत नाही.

झाकणांची बॅटरी असेल तर अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने प्रत्येक घर (सेल) तपासा. १.२५० च्या वर आकडा चांगला. पाच घरं १.२४० ची आणि एक १.१८० चं असेल तर ते घर गेलं, चार्जिंगला लावून वेळ घालवू नका. रिकामी बॅटरी गोठते, हेही ध्यानात ठेवावं. आकडा १.१०० पर्यंत उतरलेली बॅटरी उणे सात-आठ अंशांनाच गोठते, भरलेली मात्र भारतातल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही. बॅटरी फुगलेली दिसली किंवा आत बर्फ दिसला तर तिला दुसरी बॅटरी जोडायची नाही आणि चार्जरही लावायचा नाही, फुटू शकते.

आता केबल. थंडीत सेल्फ काहीशे अँपिअर करंट खेचतो. टर्मिनलवर हजारांश ओहमची गंजाची पापडी असली तरी ५०० अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट खाऊन टाकते, आणि अशा पाच-सहा जोडण्या वाटेत असतात. मल्टिमीटरने हे दोन मिनिटांत कळतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर लावा. क्लँपवर नाही, खुंटीवरच. दुसरं टोक सेल्फच्या जाड बोल्टवर. एकाने तीन-चार सेकंद सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने आकडा वाचायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ती बाजू ठीक. मग मायनसची खुंटी आणि सेल्फची बॉडी, तसंच. आकडा एक-दीड व्होल्ट आला तर मीटरचं टोक सरकवत या: खुंटीपासून क्लँप, क्लँपपासून कट-ऑफ स्विच, तिथून पुढे सेल्फ. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे घाण आहे. बऱ्याचदा ती बॅटरी कट-ऑफ स्विचच्या आत किंवा चेसीला बसवलेल्या अर्थच्या लगखाली, रंगावरच कसलेल्या बोल्टमध्ये सापडते. रंग खरवडून धातू उघडा करा, बोल्ट कसा, मग वरून पेट्रोलियम जेली. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतला की निघतो.

सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून व्होल्टेज १८ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर, नाहीतर सेल्फच जास्त करंट खातोय. त्याचे बुश झिजले की आतला आर्मेचर घासतो. व्होल्टेज २१-२२ वर टिकून असेल, केबलही ठीक असतील आणि तरी इंजिन जड फिरत असेल, तर ऑइलकडे वळा.

१५डब्ल्यू-४० या इंजिन ऑइलच्या नावातला १५डब्ल्यू हा थंडीचा आकडा. हे ऑइल उणे २० पर्यंत सेल्फला झेपेल इतकं पातळ राहील, अशी त्याची व्याख्याच आहे. २०डब्ल्यू-४० ची हद्द उणे १५, १०डब्ल्यू ची उणे २५, ५डब्ल्यू ची उणे ३०. म्हणजे बनिहाल-काझीगुंडला १५डब्ल्यू-४० निभावून नेतं. लडाखमधल्या द्रासला त्याची हद्द संपते. अर्थात हे आकडे नव्या ऑइलचे. मुदत उलटलेलं, काजळीने काळंकुट्ट झालेलं ऑइल त्याआधीच घट्ट होतं, म्हणून उत्तरेची फेरी लागली असेल तर ऑइल निघण्याआधी बदलावं, परतल्यावर नाही.

एक फुकटातला उपाय: क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट घट्ट गिअर ऑइलमध्ये फिरत असतो, क्लच दाबला की सेल्फवरचं तेवढं ओझं जातं.

डिझेल येत नसेल तर: मेण, पाणी की हवा?

डिझेलमध्ये मेणाचा अंश असतोच, तो जळतोही छान. गारठ्यात हिवाळ्यातल्या खोबरेल तेलासारखं ते थिजायला लागतं. आधी डिझेल ढगाळ दिसतं. आणखी गार झालं की मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसून तो बंद करतात. त्याहून गार झालं तर डिझेल वाहायचंच थांबतं. गाडी बंद पडते ती मधल्या पायरीला. टाकीत डिझेल डचमळताना दिसतंय, म्हणून 'डिझेल काही थिजलेलं नाही' असं म्हणणारा इथेच फसतो.

आपल्याकडच्या डिझेलचं मानक आयएस १४६०. फिल्टर चोंदण्याच्या तापमानाची त्यात दोन मर्यादा आहेत: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हिवाळी महिन्यांत कमाल ६ अंश, बाकी वर्षभर कमाल १८ अंश. अनेकदा पंपावरचं डिझेल या मर्यादेपेक्षा सरस असतं, पण त्याची हमी नाही. आता नाशकात ३०० लिटरची टाकी काठोकाठ भरून थेट काझीगुंडला उणे पाचमध्ये जाऊन उभं राहिलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरच्या शेवटी भरलेलं उन्हाळी डिझेल तर त्याहून वाईट. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं आणि पानिपतच्या रिफायनरीत तयार होतं. ते तिथल्या पंपांवर मिळतं, पण टाकीत त्याला जागा हवी ना! म्हणून वर चढताना टाकी पाव भागावर येऊ द्यायची आणि थंड टापूतल्या पंपावर भरायची. नाशकात दोन रुपये वाचवायला काठोकाठ भरलेली टाकी पुढे दोन दिवस खाते.

टाकीतलं डिझेल रात्री काय करणार हे आधीच बघायची एक सोपी युक्ती आहे. मुक्कामाला थांबल्यावर टाकीतलं पावशेर डिझेल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढा आणि बाटली बाहेरच्या बाजूला, टाकीच्या पट्ट्याला बांधून ठेवा. थोडं डिझेल लवकर गार होतं, म्हणून पहाटे दोन-तीन वाजता बघितलं तरी उत्तर मिळतं. डिझेल ढगाळ, दुधाळ झालं असेल तर मेण सुटायला लागलंय. बाटली केबिनमध्ये आणून कुशीत धरल्यावर ते पुन्हा स्वच्छ झालं तर नक्की मेणच. तळाशी वेगळा थेंब किंवा बर्फाचा खडा दिसला तर पाणी. टाकीतले तीनशे लिटर गार व्हायला वेळ लागतो, पण बोटाएवढ्या जाडीचा पाइप आणि फिल्टर त्या बाटलीइतक्याच लवकर गार होतात, आणि गाडी तिथेच अडते.

थिजू नये म्हणून डिझेलमध्ये टाकायचं औषध मिळतं. ते थिजण्याआधी टाकायचं असतं, डब्यावर लिहिलेल्या मापाने, आणि टाकून टाकी भरायची म्हणजे ते नीट मिसळतं. मेण सुटल्यावर ओतलं तर ते मेण विरघळवत नाही. सकाळी चोंदलेल्या फिल्टरवर औषधाची आख्खी बाटली ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

चोंदलाच तर उपाय उष्णतेचा. फिल्टरला गोणपाट किंवा जाड फडकं गुंडाळा आणि त्यावर गरम पाणी ओता. उकळतं नको, हाताला जेमतेम सोसेल इतकं. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाइपावरही ओता, विशेषतः टाकीतून पाइप बाहेर येतो तिथे आणि जिथे तो वळतो तिथे. वायरिंगच्या कनेक्टरवर आणि ईसीयूवर (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) पाणी जाऊ देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं हे चालू ठेवून हँड प्रायमर (डिझेल हाताने ओढायचा छोटा पंप) मारा. प्रायमर आधी मोकळा आणि मग हळूहळू कडक होत गेला तर डिझेल यायला लागलं. तरीही गाडी दमते असं वाटलं तर फिल्टर बदला. नवा फिल्टर बाटलीतल्या डिझेलने भरून बसवायची सवय जुन्या गाड्यांत चालून जायची. कॉमन रेलच्या शेवटच्या फिल्टरमध्ये बाहेरचं डिझेल ओतू नये, त्यातला बारीक कण नॉझल खातो. तो कोराच बसवून प्रायमरने भरावा.

पाण्याचं दुखणं वेगळं. ते शून्यालाच गोठतं, म्हणजे डिझेल चांगलं असेल तर मेणाच्याही आधी. म्हणून वॉटर सेपरेटरचा नळ संध्याकाळी, इंजिन गरम असताना सोडायचा. सकाळी सोडायला गेलात तर नळच गोठलेला असतो. अर्धी टाकी रिकामी ठेवून उभी केलेली गाडी रात्री आतल्या भिंतीवर दव धरते, म्हणून मुक्कामी स्थानिक पंपावरून टाकी भरून ठेवणं दोन्ही दृष्टींनी चांगलं.

तिसरा संशयित हवा, आणि थंडीत तो मेणाइतकाच खोडकर. गारठ्यात रबरी ओ-रिंग आणि पाइप आकसतात, त्या केसाएवढ्या फटीतून हवा शिरते आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरून जातं. ओळखायला सोपं आहे. सकाळी सेल्फला हात लावण्याआधी प्रायमर पंधरा-वीस वेळा मारा आणि मग सेल्फ द्या. गाडी पटकन सुरू झाली, आणि प्रायमर न मारता दुसऱ्या सकाळी पुन्हा त्रास झाला, तर डिझेल मागे उतरतंय. फीड पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, फिल्टरच्या डोक्याची ओ-रिंग, बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर हे क्रमाने बघा. एकदा दाबलेला तांब्याचा वॉशर पुन्हा वापरू नये, नवा टाकावा. फट कुठे आहे हे सापडत नसेल तर टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा, बुडबुडे दिसतात.

पांढरा धूर येतोय पण पकडत नाही

डिझेल पोचतंय, पेटत नाही. पिकअप आणि छोट्या टेम्पोंत बऱ्याचदा प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग असतो. तो काढून मीटरने मोजला तर साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर जळलाय. चारातला एक गेला तर गाडी सुरू होते पण दोन मिनिटं थरथरते, दोन गेले तर निफाडच्या थंडीतही अडते. प्लग चांगले असले तरी त्यांचा रिले वितळलेला असू शकतो, म्हणून प्लगच्या तोंडाशी वीज येते का तेही बघा.

मोठ्या ट्रकच्या इंजिनांत हीटर प्लग सहसा नसतात. त्याऐवजी काहींच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये जाळीचा हीटर असतो, तो आत जाणारी हवाच गरम करतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर कॉइलचं चिन्ह लागतं, ते विझेपर्यंत थांबायचं असतं. इथे घाई करणारे खूप. हीटर खरोखर लागतोय का हे व्होल्टमीटर सांगतो: चावी दिल्यावर काटा ठळक खाली यायला हवा, हेडलाइट किंचित मंद व्हायला हवा. चिन्ह लागतंय पण काटा हलत नाही, तर रिले किंवा फ्यूज बघा.

हीटर ठीक, सेल्फ ठीक, तरी पांढरा धूर, आणि एकदा गरम झाली की दिवसभर गाडी बटणाला सुरू: हे कॉम्प्रेशन कमी असल्याचं लक्षण. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर चालत्या इंजिनातून जोरात वाफ मारत असेल तर रिंगा झिजल्यात. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट घट्ट बसले असले तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत आणि तीच तक्रार येते, म्हणून बोअर कामाचा खर्च काढण्याआधी टॅपेट कंपनीच्या आकड्याप्रमाणे, थंड इंजिनावर तपासून घ्या. कॉम्प्रेशन गेजवर अशा इंजिनात साधारण २५ ते ३० बार अपेक्षित. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल तर दोष तिथला, सगळेच सारखे कमी असतील तर झीज.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा लागतो, तेव्हाच पंपातला गव्हर्नर (डिझेलचं माप ठरवणारा भाग) जादा डिझेल सोडतो. कॉमन रेलला त्याची गरज नाही, ईसीयू ते स्वतः ठरवतो. पाय बाजूला ठेवा.

जे करू नये

टाकीखाली, ऑइलच्या चेंबरखाली चिंध्या पेटवणं अजून सर्रास चालतं. आजच्या ट्रकच्या पोटाखालून एअर ब्रेकचे नायलॉनचे पाइप, डिझेलचे प्लॅस्टिक पाइप आणि सेन्सरच्या वायरी जातात. गाडी सुरू होते, आणि पुढच्या उतारावर हवा गळायला लागते.

डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलं की टाकीतली वाफ स्फोटक होते. केरोसीनने डिझेल पातळ होतं खरं, पण पंप आणि नॉझलला लागणारा वंगणाचा अंशही जातो, आणि रेशनचं केरोसीन गाडीत घालणं बेकायदा आहे. एअर क्लीनरमध्ये मारायचा ईथरचा स्प्रे हीटर प्लग किंवा जाळीचा हीटर असलेल्या इंजिनात अजिबात नको. तापलेल्या हीटरवर तो मॅनिफोल्डमध्येच भडकतो, नाहीतर सिलिंडरात वेळेआधी पेटून रिंगा तोडतो.

दोरी बांधून ओढायचं म्हणाल, तर स्प्रिंग ब्रेकच्या गाडीत (हवा नसली की स्प्रिंग ब्रेक आवळून धरते) हवा सुमारे पाच बारपर्यंत भरल्याशिवाय मागची चाकं सुटतच नाहीत, आणि इंजिन बंद तर हवा कुठून येणार? शेजारच्या ट्रकच्या बॅटरीवरून घ्यायचं तर २४ ला २४ च, प्लस आधी जोडायचा, आणि मायनसचं शेवटचं टोक बॅटरीपासून लांब चेसीच्या उघड्या धातूला लावायचं. मग लगेच सेल्फ मारू नका, दुसऱ्या गाडीचं इंजिन पाच-दहा मिनिटं चालू राहू द्या.

पाणी आणि युरिया

रेडिएटरमध्ये साधं पाणी घेऊन शून्याखाली जाऊ नये. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि त्या जोरापुढे ब्लॉक, हेड, वॉटर पंप काहीच टिकत नाही. निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर उणे ३५ पर्यंत धोका नाही. वाटेत गळती झाली म्हणून नुसतं पाणी टाकत गेलात तर हे प्रमाण बिघडतं, म्हणून कूलंटचा एक डबा जवळ असावा. गोठलेल्या पाण्याच्या गाडीला जबरदस्तीने सेल्फ मारला तर वॉटर पंपचं इंपेलर आधी तुटतं.

बीएस६ (प्रदूषणाचं नवं मानक) गाड्यांतला युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करायचं द्रावण डीईएफ, उणे ११ अंशांना गोठतो. टाकीला कूलंटचा किंवा विजेचा हीटर असतो, गाडी चालली की तो वितळतो. डीईएफ गोठल्यामुळे इंजिन सुरू व्हायचं थांबत नाही, त्यामुळे सकाळी त्याच्या मागे लागून वेळ घालवू नका. आणि पातळ करायला त्यात पाणी किंवा दुसरं काही टाकू नका, सेन्सर ते पकडतो आणि गाडीची ताकद उतरवतो.

गाडी सुरू झाल्यावर पहिलं अर्धं मिनिट रेस करायची नाही, टर्बोच्या बेअरिंगपर्यंत घट्ट ऑइल पोचू द्यायचं. तीन ते पाच मिनिटं आयडल पुरे, तेवढ्यात ब्रेकची हवाही भरते. मग हळू चालवत गरम करा. तासभर उभ्याउभ्या आयडलवर ठेवलेलं इंजिन धड तापत नाही आणि न जळलेलं डिझेल लायनरवरून ऑइलमध्ये उतरत राहतं. रात्री उभी करताना रेडिएटरचं तोंड वाऱ्याकडे नको, आणि उणे दहाच्या खाली मुक्काम असेल तर दोन्ही बॅटऱ्या काढून केबिनमध्ये घेऊन झोपणं अजूनही सगळ्यात खात्रीचं.